जेवल्यावर एक गोळी

लातूर, ९ जुलै २०२५

ऋतू,

फोनवर तू माझ्याशी का बोलत नाहीस, ते तू मागच्या दिवाळीत सांगितलंस, आणि मी ते विसरलेलो नाही. म्हणालीस, "अण्णा, तुम्ही माझं बोलणं ऐकतच नाही. मागचा पंखा ऐकता, माझा श्वास ऐकता आणि त्यावरून मी खरं बोलतेय का खोटं ते ठरवता. काही सांगायचं असेल तर लिहा." त्याला आठ महिने झाले. आज लिहायला बसलो. कागदाला आवाज नसतो, म्हणजे तूही मोकळी आणि मीही.

घरचं म्हणशील तर ठीक. पाऊस बरा झाला, त्यामुळं विहिरींना पाणी, त्यामुळं मोटरी जळत नाहीत, त्यामुळं मी रिकामा. शेतकऱ्याचं बरं झालं की रिवायंडिंगवाल्याचं दुकान ओस पडतं. देवाकडं नेमकं काय मागावं, या पेचात मी चाळीस वर्षं आहे. मोटर उघडायच्या आधी पेचकसाचं टोक बेरिंगला आणि मूठ कानाला, ही सवय अजून आहे. मागच्या आठवड्यात चाकूरचा एक जण आला, म्हणाला, "कॉइल गेली." मी कान लावला आणि म्हणालो, "कॉइल न्हाई, बुश." उघडली तर बुश. तो म्हणाला, "व्यंकटशेठ, असले कान कुठून आणलाव?" म्हटलं, बारावी नापासांना फुकट मिळतेत.

दुकानावरची खोली तशीच आहे. तू दवाखाना काढशील म्हणून बांधलेली, बेसिनसकट. आता तिथं तांब्याच्या तारेची बंडलं ठेवतो. बेसिनचा नळ गळतो. खाली बसलं तरी ऐकू येतो. वायसर बदलायला दोन मिनिटं लागतील, पण बदलत नाही. वर कुणीतरी आहे असं वाटतं.

तू एमबीबीएस करून औषधांच्या अभ्यासाला गेलीस, पेशंट तपासायचे सोडून, तेव्हा मी साऱ्या भावकीपुढं तुला "उंदरांची डॉक्टर" म्हणालो होतो. लोक हसले म्हणून पुढच्या लग्नातही म्हणालो. तेव्हापासून तू घरी फोन केलास की आईला मागायचीस. चूक माझी होती. हे तोंडानं म्हणायला तीन वर्षं जमलं नाही, कागदावर जमलं, म्हणजे कागदाचा तसा उपयोगच.

आता मुद्द्याचं. मलाही बीपी निघालं. मन्मथ डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, त्यांनी पारा हलेना, म्हणून परवा तिसरी दिली. पांढरी, बारीक. तुझ्या आईला होती तीच. क्लोनिडिन. त्यांच्याकडच्या बटणाच्या मशीनवर माझा विश्वास नाही, म्हणून पाऱ्याचं यंत्र आणि स्टेथोस्कोप विकत आणला. दंडाला पट्टा बांधून फुगवला की सगळं गप्प होतं. मग हवा सोडत गेलं की एका जागी पहिला ठोका येतो, तो वरचा आकडा. ठोके विझतात तो खालचा. स्वतःचं रक्त असं बाहेरून ऐकताना माणसाला जरा ओशाळल्यासारखं होतं. माझा पहिला ठोका एकशे ऐंशीला येतो.

गोळ्या वेळेवर घेतो. काळजी करू नकोस.

कधी येणार?

अण्णा


लातूर, २७ जुलै २०२५

ऋतू,

तुझं पत्र मिळालं. साडेचार ओळी. पाचवी अर्ध्यात सोडलीस. तिथं काय लिहायचं होतं, याचा विचार मी दोन दिवस केला आणि मग सोडून दिला, कारण हेच ते, ज्याची तुला चीड आहे.

दुसरी गोष्ट. तू तुझा प्रबंध चांगुणामावशीला लोह्याला पाठवलास. तिला मराठी सहीपुरतं येतं आणि प्रबंध इंग्रजीत. तिनं तो पिशवीत घातला, वरून शेंगाची चटणी ठेवली आणि एसटीच्या कंडक्टरकडं देऊन माझ्याकडं धाडला. कव्हर जरा तेलकट झालंय. मी तो घेऊन मन्मथ डॉक्टरांकडं गेलो. दुपारची वेळ होती, पेशंट नव्हते. त्यांनी चष्मा लावला आणि वाचता वाचता स्वतःच त्यात रमले. तासाभरानं मान वर केली.

"व्यंकटराव, माणसाच्या अंगात अफूचं कोठार असतंय, ठाऊक हाय का?"

"आमच्या भगवानकाकाच्या अंगात होतं. परवान्याच्या दुकानातून भरायचे."

"तसं न्हाई. अंग स्वतःच तयार करतंय. मेंदूत. लागलं, खुपलं, धावलं, की थोडी थोडी सोडतंय. तुमच्या पोरीचं म्हणणं असं, की ही पांढरी गोळी बीपी उतरवती ती काही जणांत त्या कोठाराचं दार उघडून."

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर सांग. तू छत्तीस माणसं घेतलीस. त्यांना गोळी दिली, बीपी उतरलं. मग अफूची नशा उतरवायला दवाखान्यात देतात ते इंजेक्शन दिलंस, म्हणजे अफूची जागाच अडवून टाकलीस. एकवीस जणांचं बीपी परत वर चढलं. पंधरा जणांचं जागचं हललं नाही. म्हणजे गोळी हा नुसता स्टार्टर. एकवीस जणांत तिनं बटण दाबलं, पण मोटर होती अंगातली अफू. तू मधला फ्यूज काढलास, मोटर बंद. बाकी पंधरांची लाइन दुसऱ्या डीपीवरून आलेली, त्यांना फ्यूजचं सुतक नाही. डॉक्टर म्हणाले, "हे मला कॉलेजात कुणी असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, "उंदीर कुठं आलेत ह्याच्यात?"

"एकबी न्हाई. सगळी माणसं हायेत."

मग त्यांनी पहिलं पान उलटलं. तिथं एकच ओळ होती. त्यांनी आधी मनात वाचली, मग चष्मा काढला आणि मला मराठीत सांगितली. "आईस, जिला मी नीट सांगू शकले नाही."

मी त्यांना विचारलं, चहा सांगू का.

ऋतू, डॉक्टर म्हणाले, तुझा आधीचा विषय वेगळा होता, आई गेल्यावर तू बदललास. मला एवढंच विचारायचं आहे: तुझी आई कुठल्या बाजूची? एकविसातली का पंधरातली?

कधी येणार?

अण्णा


लातूर, १९ ऑगस्ट २०२५

ऋतू,

"आईचं मोजलं नव्हतं. आता सांगता येणार नाही." एवढंच तुझं उत्तर. बरोबर आहे. तुझ्या पुस्तकात जे मोजलं नाही ते नाहीच. पण मी मोजलं होतं, माझ्या मापानं, ते ऐक.

गोळी सुरू व्हायच्या आधी सहा-आठ महिने तुझी आई स्वयंपाक करताना गप्प असायची. डोकं दुखायचं, भांडी आदळायची. मला वाटायचं, तू गेलीस त्याचा राग माझ्यावर काढतेय. तसा तो असेलही. मग ती पांढरी गोळी सुरू झाली. सकाळी भाकरीचा तुकडा मोडून झाला की गोळी, आणि मी दुकानात उतरायच्या सुमाराला, म्हणजे तासाभरात, वरून गुणगुणणं सुरू. शब्द नाहीत. लोह्याकडच्या बाया दळताना लावतात ती चाल, वर जाऊन अर्ध्यात खाली येणारी. तोंड कोरडं पडायचं गोळीनं, म्हणून गालात खडीसाखर, आणि त्यातून ते गुणगुणणं. मी मोटरीला कान लावून बसायचो आणि ऐकायचो वरचं. एकदा गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, इतका वेळ काय ऐकायलाव, बंद हाय ती मोटर."

तेव्हा मला वाटलं, माझ्यावरचा राग गेला. आता तुझं पुस्तक आल्यावर कळतंय, दार उघडत होतं. पण कुठल्याही दारातून आलेलं असो, गाणं तिचंच होतं. तुझ्या आईला एकविसात घाल. बावीस कर.

आता भगवानकाकाचं. ते माझे चुलतआजोबा, पण सारं घर काका म्हणायचं. निजामाच्या काळापासून अफू खाणारे. वाटाण्याएवढी गोळी, सकाळ-संध्याकाळ. मी आठ वर्षांचा असताना घरच्यांनी ठरवून त्यांची अफू एका दिवसात तोडली. तिसऱ्या दिवशी ते थरथरायला लागले. घामानं धोतर भिजलं, डोळ्यांतून पाणी, एका जागी बसवेना, छाती अशी धडधडत होती की मी शेजारी बसून ऐकली. कुणालाच कळेना. एकदम तोडू नये हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

हे का लिहिलं ते नंतर कधीतरी.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, गोळ्या वेळेवर घेतो. दोन घेतो. तिसरी, पांढरी, मी एकदाही घेतली नाही. डॉक्टरांना सांगतो घेतो म्हणून, ते मान हलवतात आणि म्हणतात, "मग उतरत का न्हाई कळंना." तळहातावर घेतो, बघतो, परत पाकिटात ठेवतो. शर्टाच्या खिशात आहे आत्ता.

कधी येणार?

अण्णा


लोहा, १४ सप्टेंबर २०२५

ऋतू,

मावशीकडं आलोय. नवरात्र आठ दिवसांवर आलं, चांगुणाबाईनं घर सारवून काढलंय. मला उंबऱ्यातच म्हणाली, "या दाजी. कान घिऊन आलाव का ठिऊन आलाव? आमचा मिक्सर लई कुरकुर करून राहिला." मिक्सर दुरुस्त करून दिला. जेवण मिळालं.

जेवताना तिनं विषय काढला. म्हणाली, तू दर अमावास्येला तिला फोन करतेस, आणि दर वेळी तेच बोलतेस. "पोरगी म्हनते, मावशी, मी आईला नीट सांगितलं न्हाई. फोनवर घाईत व्हते, ल्याबात जायचं व्हतं. उपासातबी गोळी घे, एवढंच म्हनले. कावून घ्यायची, कशापायी, ते न्हाई सांगितलं. कावून सांगितलं असतं तर आईनं घेतली असती." मग मला म्हणाली, "दाजी, तुमी तरी तिला समजवा. माझ्या बहिनीच्या, अयोध्याच्या अंगात साक्षात देवीआई आली व्हती. तिनं नेलं तिला. गोळीचं काय घिऊन बसली पोरगी?"

मागच्या नवरात्रापासून चांगुणाबाई तुझ्या आईच्या फोटोला साडीचोळी करते. आसपासच्या बाया पाया पडायला येतात. तिचं समाधान त्यात आहे.

भात कालवत राहिलो आणि खाल्लाच नाही. ती म्हणाली, "मीठ कमी हाय का?" मी म्हणालो, बीपीवाल्याला बरंच हाय.

ऋतू, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. या पत्रात नाही. इथून नाही. माहूरला जाऊन लिहीन.

कधी येणार, असं याही पत्रात लिहितोय. सवय म्हण.

अण्णा


माहूर, २३ सप्टेंबर २०२५

ऋतू,

देवीच्या गडाच्या पायऱ्यांखाली पार्वतीबाईंच्या नावाची जुनी धर्मशाळा आहे, तिच्या ओट्यावर बसलोय. सकाळचे दहा वाजलेत. गर्दी आहे. समोर नारळवाला, बांगडीवाला आणि ध्वनिक्षेपकावर हरवलेल्या माणसांची नावं. एकेक नाव तीन वेळा घेतात. दोन वर्षांपूर्वी याच ओट्यावर तुझी आई बसली होती. मी जे तुला सांगितलं ते असं: आई गोळी घ्यायला विसरली, दर्शनाच्या रांगेत चक्कर आली, आम्ही जीप करून नांदेडला नेलं. आता झालं तसं लिहितो.

त्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला. आई स्वयंपाकघरात होती, मी सोप्यात. तू फोनवर काय बोललीस ते मला ऐकू आलं. सगळं. तू घाईत होतीस हे खरं, पण तू नीट सांगितलंस. "आई, उपास असला तरी गोळी घे, ती एकदम सोडायची नसते, बीपी उसळी मारतं." हे शब्द होते. उसळी हा शब्दसुद्धा होता. "का" तू सांगितलं होतंस. तू विसरलीस. मी विसरलो नाही.

फोन ठेवून ती माझ्याकडं आली, हातात गोळ्यांची डबी घेऊन. ती डबी तुला ठाऊक आहे, स्टीलची. मोटरींवर शेतकऱ्यांची नावं टाकतो त्या लाल रंगानं मीच झाकणावर लिहिलं होतं, "जेवल्यावर एक गोळी", कारण पाकिटावरचं इंग्रजी तिला लागत नव्हतं.

ती म्हणाली, "आवं, ऋतू म्हनून राहिली उपासातबी गोळी घे. तुमी जेवल्यावर लिवलंय. नऊ दिस तर मी जेवनारच न्हाई. मंग कसं करू? केळं खाल्लं तर जेवन म्हनायचं का?"

सोप्यात दोघं-तिघं बसले होते. मी म्हणालो, "केळं म्हंजी जेवण असतं तर वऱ्हाडाला केळीच वाढली असती." सगळे हसले. तीही हसली. मी थांबायला पाहिजे होतं. पण तू मला न बोलता आईच्या तोंडून माझ्या घरात हुकूम पाठवतेस, हे मला तेव्हा लागलेलं होतं. मी म्हणालो, "तिला म्हणावं, उंदीर उपास धरत न्हाईत. माणसं धरतेत."

तिनं झाकण लावलं. टक् असा आवाज आला. ऋतू, मी आयुष्यात लाखभर आवाज ऐकले असतील. त्यातला तो एक अजून ऐकू येतो.

म्हणजे ती विसरली नाही. तुझं ऐकलं नाही असंही नाही. तिनं तुझं ऐकून मला विचारलं, आणि मी तिला चारचौघांत हसून नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रात्रीचं डोकं ठणकायला लागलं. तिनं परत विचारलं, "एकच घिऊ का?" मी म्हणालो, उद्या दर्शन हाय, आता मोडू नको, उद्या दर्शन झालं की घे. तिसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला तिची नाडी कानाजवळ ऐकू आली. विहिरीचं पाणी संपलं आणि मोटर तशीच चालू राहिली की तिचा आवाज बदलतो, तुला लहानपणी मी दाखवला होता. भरल्या पाण्यात मोटर जड घुमते, कोरडी पडली की हलकी होऊन किंचाळल्यासारखी पळते. तो आवाज आला की मी दुसऱ्याच्या शेतातसुद्धा धावत जाऊन बटण पाडतो. त्या दिवशी तो माझ्या खांद्यावर होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

या ओट्यावर आलो तेव्हा ती थरथरत होती. घामानं चोळी भिजलेली, डोळे लाल, एका जागी बसवेना. भगवानकाकासारखी, ऋतू. अगदी तशीच. चांगुणाबाई ओरडली, "अंगात आली गं, आई आली." तिनं कपाळाला कुंकू लावलं, शेजारच्या बाया हळद घेऊन आल्या, टाळ्या सुरू झाल्या, उदो उदो झालं. कुणी विचारलं, लेकाला नोकरी लागंल का. कुणी म्हशीचं विचारलं. तुझी आई मान हलवत होती, घुमल्यासारखी. चांगुणाबाई मला म्हणाली, "दाजी, विचारा काय विचारायचं ते. परत असा योग यायचा न्हाई."

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. आणि मी हात जोडले. तुझ्या आईपुढं, जिच्यापुढं मी तीस वर्षांत कधी हात जोडले नव्हते. मी विचारलं, "ऋतू घरी येईल का?"

ती थांबली. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "यील. यील ती. तुमी नका काळजी करू."

ऋतू, तो देवीचा आवाज नव्हता. इतर बाया मान हलवून गेल्या, पण मला कान आहेत. मी चिडलो, घाबरलो, की मला समजवायला ती ज्या आवाजात बोलायची, तो होता. तिला माहीत होतं मी कोण आहे. अंगात काही आलेलं नव्हतं, अंगातलं काहीतरी निघून चाललं होतं, आणि त्या अवस्थेत तिनं मला धीर दिला. आवाज ओळखला त्याच क्षणी मी तिला उचलायला पाहिजे होतं. मी उचललं नाही. उत्तर माझ्या बाजूचं आलं होतं. मला ते देवीचंच असायला हवं होतं. मी तसाच, हात जोडलेले, बसून राहिलो. दहा मिनिटं असतील. मग तिचं तोंड वाकडं झालं.

पुढचं तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तू आलीस. आईनं सांगितल्याप्रमाणं.

तेराव्याच्या दिवशी तू डबी उघडलीस, गोळ्या मोजल्यास आणि माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, "तू सांगितलं होतंस ना तिला? मग विसरली असंल." तू आत गेलीस. भिंतीपलीकडं तू तोंडात पदर धरून रडत होतीस, आईच्या साडीचा. तेही मला ऐकू आलं. तेव्हाच आत येऊन सांगता आलं असतं. दोन वर्षं तू माझं ओझं वाहिलंस आणि मी तुला वाहू दिलं, कारण ते तू खाली ठेवलंस तर तू परत कधी येणार नाहीस, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

डबी या पत्राबरोबर पार्सलनं पाठवतोय. झाकणावरचं अक्षर माझं आहे, नीट बघ. तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरची ओळ चुकली आहे. तू नीट सांगितलं होतंस. शक्य असेल तर बदल.

या पत्राच्या शेवटी मी नेहमीचा प्रश्न लिहिणार नाही. तो मी इथं एकदा विचारला आहे.

अण्णा


लातूर, १४ ऑक्टोबर २०२५

ऋतू,

तुझं पार्सल काल मिळालं. आत प्लॅस्टिकची डबी, सात दिवसांची, सकाळ आणि रात्र धरून चौदा खाने. वर तुझ्या अक्षरात, "जेवण असो वा नसो." प्रत्येक खान्यात तिन्ही गोळ्या, पांढरीसुद्धा. आणि चिठ्ठी. चिठ्ठी मी मन्मथ डॉक्टरांना दाखवली नाही. चष्मा लावून एकट्यानं वाचली.

"अण्णा, पत्र चार दिवस वाचत होते. मला तुमचा राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. आईनं तुम्हाला विचारलं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी तिला उसळी म्हणाले होते, हे मला खरंच आठवत नव्हतं. पांढरी गोळी सुरू केलीत की मधेच सोडायची नाही, एक दिवससुद्धा. पहिल्या दिवशी झोप येईल, तोंड कोरडं पडेल. खडीसाखर नको, लवंग ठेवा."

कागदाला आवाज नसतो, असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते तितकंसं खरं नाही.

पाच दिवसांपूर्वी मन्मथ डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "व्यंकटराव, तीन महिने तुम्ही मला येडं केलाव. मी औषध कंपनीला शिव्या देत होतो." मग त्यांनी तुझ्याशी फोनवर बोलून मात्रा ठरवली, हे मला तुझं पार्सल आल्यावर कळलं. म्हणजे तुम्ही दोघं माझ्या मागं बोलता. बोला.

काल रात्री पहिली घेतली. न जेवता घेतली, मुद्दाम, मग जेवलो. आज सकाळी दुसरी. तासाभरानं पट्टा बांधला. पहिला ठोका एकशे बावन्नला आला. मी एकविसातला का पंधरातला, ते तू इंजेक्शन देऊन बघ कधी हवं तर. मला वाटतं पंधरातला, कारण गुणगुणणं वगैरे काही आलं नाही. झोप आली. दुकानात मोटरीवर डोकं ठेवून झोपलो. एका गिऱ्हाइकानं बाहेर लोकांना सांगितलं, शेठ ऐकायलेत, गडबड करू नका.

वरच्या खोलीतला नळ दुरुस्त केला. तांब्याची बंडलं खाली आणली. खोली झाडली, पुसली. आता तिथून काही ऐकू येत नाही.

जुनी स्टीलची डबी तू परत पाठवली नाहीस. ठेवलीस असं धरतो.

तुझी डबी येत्या सोमवारी सकाळी रिकामी होईल. त्यापुढं ती कुणी भरायची, ते चिठ्ठीत नाही. मी विचारत नाही. धुऊन, पुसून, बेसिनशेजारच्या फळीवर उघडी ठेवीन.

अण्णा